काय दिवे लावणार?

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होतं. विधान परिषदेत ‘सारथी’च्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला आणि राज्याच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं, की पीएचडी करून ही पोरं असे काय दिवे लावणार आहेत? क्लिप लगेच सगळीकडे फिरली. आमच्या रिसर्च स्कॉलरांच्या ग्रुपवर त्या रात्री दिव्यांचे एवढे इमोजी पडले, की दिवाळी परत आल्यासारखं वाटलं. संताप होता आणि तो रास्त होता. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी एम. ए.च्या पुढं गेलंय, ज्यांची फेलोशिप महिनोन्‌महिने येत नाही आणि जे मेसच्या बिलासाठी मित्रांकडं हात पसरतात, त्यांनी हे टीव्हीवर ऐकायचं म्हणजे जखमेवर मीठच.

मीही चिडले. पण प्रश्न कुणी विचारला आणि कोणत्या सुरात विचारला हे जरा बाजूला ठेवलं, तर प्रश्न म्हणून तो वाईट नाही. समाजाच्या पैशावर पाच-सहा वर्षं बसून एखादा माणूस काहीतरी शोधतो. त्यानं काय होतं? कुणाचं काय बदलतं? हा प्रश्न मला याआधीही विचारला गेलाय, बीड जिल्ह्यातल्या एका गावात, ओट्यावर बसून. त्या वेळी त्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून तो जास्त लागला. त्याबद्दल पुढं सांगते.

आधी आपल्या घरातला केर. खोटं कशाला बोला, आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांनी दिवे लावलेले नाहीत. प्राध्यापकाच्या नोकरीला पीएचडी लागते, बढतीला शोधनिबंध लागतात, म्हणून पीएचड्या होतात आणि शोधनिबंध निघतात. निबंध लागतात म्हटल्यावर पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिकंही निघतात. २०१८ साली यूजीसीनं वाङ्‌मयचौर्याचे नियम केले, त्यात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. हेतू चांगला होता, पण विद्यापीठांत त्याचा अर्थ ‘दहा टक्के अलाउड आहे’ असा लागला. मग वाक्यं उलटीपालटी करून टक्केवारी खाली आणणं हेच एक कसब झालं. शेवटी प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतो आणि गंगेत घोडं न्हातं. तो पुन्हा कुणी उघडतं का, हे विचारायची पद्धत नाही.

तेव्हा मंत्र्यांचा टोमणा अगदीच हवेतला नव्हता. फक्त त्यांना उत्तर ज्या नाण्यात हवं होतं, ते नाणं मला मान्य नाही. नोकरी, पेटंट, पीक, उत्पादन, यांतलं काही दाखवा, नाहीतर फुकट गेलं. ही कसोटी लावली तर इरावतीबाई कर्व्यांचा प्रबंध पहिल्या फटक्यात नापास होतो.

‘युगान्त’वाल्या इरावतीबाई. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला पीएचडी करायला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, त्या काळातलं मोठं नाव. मानववंश, आनुवंशिकता, वंशाची शुद्धता हे त्यांचे विषय. पुढं १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि नाझींच्या वंशधोरणाला त्यांच्या शास्त्राचा टेकू मिळाला. इरावतीबाईंना विषय मिळाला तो कवट्यांचा. युरोपीय माणूस अधिक तर्कशुद्ध विचार करतो, म्हणून त्याच्या मेंदूची एक बाजू जास्त वाढलेली असते, म्हणून त्याची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी जास्त असमान असणार, असं गृहीतक होतं. संस्थेच्या संग्रहातल्या १४९ कवट्या त्यांनी मोजल्या. निष्कर्ष काय निघाला? वंशाचा आणि कवटीच्या असमानतेचा काही संबंध दिसत नाही.

हे वाक्य लिहिणारी मुलगी पंचविशीतली होती, परक्या देशात होती, आणि पदवी द्यायची की नाही हे ज्या माणसाच्या हातात होतं, त्याचंच गृहीतक खोटं ठरत होतं. १९३० साली तिला पदवी मिळाली. जगात काय फरक पडला? काहीच नाही. त्या प्रबंधानं नाझी थांबले नाहीत, फिशरचं मत बदललं नाही, कुणाला नोकरी लागली नाही. पण तीच आकडेवारी जरा इकडेतिकडे करून तिनं ‘होय, फरक आहे’ असं लिहिलं असतं तर? एका घातकी खोट्याला आणखी एक शिक्का मिळाला असता, तोही एका हिंदुस्थानी बाईचा. कधी कधी संशोधनानं दिवा लावायचा नसतो. कुणीतरी पेटवलेल्या आगीत आपली काडी टाकायची नसते, एवढंच त्याचं काम असतं, आणि तेवढंही सोपं नसतं.

ही गोष्ट आजकाल रील्समध्ये वगैरे सांगितली जाते तेव्हा ती इथंच संपते. मला मात्र त्या १४९ कवट्यांचं काय, हे सुटत नाही. त्यातल्या काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. ती माणसं होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे बाईंनी खरं ते लिहिलं, पण ज्या साधनावर लिहिलं ते लुटीतून आलेलं होतं. आणि पुण्याला परतल्यावर डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी स्वतःही वर्षानुवर्षं गावोगावी जाऊन जिवंत माणसांच्या डोक्यांची मापं घेतली. मला त्यांच्यावर खटला भरायचा नाही. एवढंच म्हणायचंय, की ‘खरं लिहा’ ही संशोधनाची पहिली अट आहे, पण ती एकटी पुरत नाही. ज्याच्याकडून खरं घेतलं, त्याचं काय?

कवटी काही विचारत नाही. बाई विचारते.

१९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या काळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढाच जगभर हिशेब होता. मूल होत नसताना आणि मूल थांबवायचं नसताना बाईच्या अंगात काय चाललंय, हे कुणी मोजलंच नव्हतं. सर्चनं वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास केला. १९८९ च्या जानेवारीत तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर प्रत्येकीला तीनहून जास्त आजार. आणि याआधी कधी तपासून घेतलेल्या बायका किती, तर शंभरात आठ.

आता वाचताना ९२ हा आकडा वाटतो. पण त्या बायकांच्या जागी उभं राहून बघा. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, हे बाईच्या जातीला असतंच, आईला होतं, सासूला होतं, असं समजून त्या जगत होत्या. ‘हा आजार आहे’ हे वाक्यच त्यांच्या आयुष्यात नव्हतं. संशोधनानं ते वाक्य दिलं. ते जसं लंडनच्या नियतकालिकाला दिलं तसं गावालाही दिलं, आणि बंग दांपत्य तिथंच राहिलं. दवाखाना कसा असावा हे लोकांना विचारून तो आदिवासींच्या घरांसारखा बांधला, त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. अभय बंग सांगत आलेत, की संशोधन लोकांवर करायचं की लोकांसोबत, हा खरा प्रश्न आहे. भाषणात हे वाक्य टाळ्या घेतं. प्रत्यक्षात ‘सोबत’ म्हणजे काय, तर अभ्यास संपल्यावर गाडीत बसून निघून न जाणं.

दहा वर्षांनी, १९९९ च्या डिसेंबरात, त्यांचा दुसरा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला, घरोघरच्या नवजात बाळांच्या सेवेचा. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळ कसं उबेत ठेवायचं, श्वास कसा चालू करायचा, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन कधी द्यायचं. त्या गावांत पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आलं. पुढं २०११ मध्ये केंद्र सरकारनं हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली. आज तुमच्या गल्लीतल्या ओल्या बाळंतिणीकडं आशाताई बाळाचं वजन करायला येते, तिच्या पिशवीत तो अभ्यास असतो. आता बोला, दिवा लागला की नाही?

इथं थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण त्या अभ्यासात आणखी ४७ गावं होती. तिथं काहीच केलं नव्हतं, म्हणजे सरकारी सेवा जशा होत्या तशाच होत्या. तिथला मृत्युदर हजारी ५८ च्या आसपास होता तो ६० च्या आसपास गेला. याला शास्त्रात कंट्रोल ग्रुप म्हणतात, तुलनेचा गट. तो नसेल तर ३९ गावांतली बाळं आपल्या उपायानं वाचली की त्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं म्हणून वाचली, हे सांगता येत नाही. आणि सांगता आलं नसतं तर सरकारनं ते देशभर नेलं नसतं. तर्क बिनचूक आहे. तरी त्या ४७ गावांतल्या एखाद्या आईला तो समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली तर मी काय बोलेन, हे मला माहीत नाही.

याच तर्काचं अधिक टोकदार रूप बघायचं तर मराठवाड्यात यावं लागतं. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा हा उपक्रम होता, पैसा मुख्यतः गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, ५२ गटांत वाटलेली गावं. कोणत्या गटाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. एका भागाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची स्वस्तातली तपासणी. चौथ्या भागाला नेहमीची सेवा. नेहमीची सेवा म्हणजे तपासणी कुठं होते एवढी माहिती.

निकाल २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांतल्या ३४ या कॅन्सरनं गेल्या. काहीच न केलेल्या गटात बायका थोड्या कमी, ३१,४८८, आणि मृत्यू ६४.

हे दोन आकडे शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले होते.

संतापणं सोपं आहे. आरोप झालेही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि तमिळनाडूत झालेल्या अशाच अभ्यासांसकट हे प्रकरण अमेरिकेतल्या यंत्रणेपर्यंत गेलं. पॅप तपासणीनं जीव वाचतात हे श्रीमंत देशांना कित्येक दशकं माहीत होतं, मग तपासणी न करता हजारो बायकांकडं वर्षानुवर्षं नुसतं बघत का राहिलात, असा सवाल होता. तो सवाल मला आजही निरुत्तर करतो.

पण त्याच निबंधातले उरलेले दोन आकडे लोक वाचत नाहीत. पॅप तपासणीच्या गटात ५४ मृत्यू झाले आणि व्हिनेगरवाल्या गटात ५६. म्हणजे ज्या तपासणीनं जीव वाचतात हे ‘माहीत’ होतं, ती आपल्याकडच्या खेड्यात एकदाच केली तर ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. (मुंबईत व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मात्र मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.) चौथा गट नसता तर हे कळलंच नसतं. कदाचित आपण सगळ्या जिल्ह्यांत एकदा पॅप तपासणी उरकून ‘काम झालं’ म्हणून मोकळे झालो असतो. हा अभ्यास करणारे लोक राक्षस नव्हते. बार्शीसारख्या गावात राहून, वाहनं करून, हजारो बायकांना तपासणाऱ्या त्या डॉक्टर-नर्सांनी असंख्य जीव वाचवले. आणि चौथ्या गटाकडून त्यांनी काही हिरावून घेतलं नव्हतं, कारण तिथं हिरावण्यासारखं काही नव्हतंच.

माझं बोट नेमकं इथंच अडकतं. ‘नेहमीची सेवा’. किती निरुपद्रवी शब्द आहे! त्याचा अर्थ काहीच नाही. आणि हे ‘काहीच नाही’ निसर्गानं दिलेलं नाही, दुष्काळासारखं वरून पडलेलं नाही. ते आपल्या सरकारांनी, अर्थसंकल्पांनी, आपण सगळ्यांनी मिळून तयार केलं. स्टॉकहोममध्ये हा अभ्यास असाच करता आला नसता, कारण तिथली नेहमीची सेवा काहीतरी असते. म्हणजे उस्मानाबादची निवड तिथल्या गरिबीमुळं झाली. गरिबी ही संशोधनाची सोय झाली. संशोधकानं ती गरिबी निर्माण केली नाही, पण तिच्यावर उभं राहून त्यानं जे मिळवलं, त्याचं ऋण त्याच्या डोक्यावर आहे, आणि ते ज्ञान वापरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर आहे.

ऋण फिटलं का? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. उस्मानाबादच्या बायकांनी दिलेला पुरावा जगभर सांगितला जातो. आणि आपल्याकडं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी, २०१९ ते २१: तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कॅन्सरसाठी आयुष्यात कधीतरी तपासलेल्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. अभ्यास संपून कैक वर्षं झाली, पण जवळजवळ सगळा देश अजून चौथ्या गटातच आहे. मंत्र्यांनी विचारलं, काय दिवे लावणार. साहेब, दिवा उस्मानाबादेत तयार झालाय. तो तिथं लावायचं काम कुणाचं होतं, हेही त्याच सभागृहात विचारायला हवं.

तरी सगळं सरकारवर ढकलून आम्हा संशोधकांना सुटता येत नाही. आमच्याकडं एक सोयीचा कागद असतो: संमतीपत्र.

पीएचडीला लागायच्या आधी मी एका संस्थेच्या पाहणीत वर्षभर काम केलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं आरोग्य हा विषय होता. गर्भाशय काढलेल्या बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्यापासून या गावांमध्ये पत्रकार, समित्या, संस्था, विद्यार्थी यांची रीघ लागलेली. टॅबवर प्रश्नावली, सोबत संमतीपत्र. ‘सदर अभ्यासात सहभागी होण्यास माझी स्वेच्छेने संमती असून मी कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकते.’ हे मी मोठ्यानं वाचायचे, समजलं का विचारायचे, अंगठा किंवा सही घ्यायचे. एका मावशींनी अंगठ्याला शाई लावता लावता विचारलं, “नाही म्हणलं तर रेशन बंद हुतंय का गं?”

नाही मावशी, तसं काही नाही, असं मी म्हणाले आणि त्यांनी अंगठा दिला. कागद पूर्ण झाला. नीतीसमितीच्या दृष्टीनं त्यात काही कमी नव्हतं. पण रेशनची भीती असलेल्या माणसाची ‘स्वेच्छा’ म्हणजे काय असते? मी कितीही सांगितलं तरी मी त्यांच्या लेखी सरकारचंच माणूस होते: हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, तोंडात ‘सदर’. ‘नको’ म्हणायची ताकद ज्याच्याकडं नाही, त्याच्या ‘हो’चं मोल कागदावर ठरत नाही.

प्रश्न संपल्यावर त्याच मावशींनी ओट्यावर बसूनच विचारलं. “लई जणी आल्या, लिहून घिऊन गेल्या. ते समदं जातंय कुठं? मागारी कुणीच येत न्हाई.” हाच तो प्रश्न, मी सुरुवातीला म्हटलेला. लक्षात घ्या, त्यांनी पैसे मागितले नाहीत, योजना मागितली नाही. उपयोग काय, असंही विचारलं नाही. आपण सांगितलं त्याचं काय झालं, हे त्यांना ऐकायचं होतं.

ते सगळं कुठं गेलं ते मला ठाऊक आहे. टॅबमधून सर्व्हरवर, सर्व्हरवरून दिल्लीला, तिथून इंग्रजी अहवालात. अहवाल देखणा होता. मुखपृष्ठावर उसाच्या फडातली पाठमोरी बाई होती.

पुढं माझ्या स्वतःच्या पीएचडीचा विषय त्याच भागातला निघाला. तेव्हा अहवालातल्या बायकांपुरत्या भागाचं मी चार पानी मराठी केलं, परवानगी मागितली, ती बऱ्याच ईमेलनंतर मिळाली, आणि जूनमध्ये त्यातल्या एका गावात गेले. जून अशासाठी, की दिवाळीच्या सुमाराला गाव रिकामं होतं ते पाडव्याच्या आगेमागे भरतं. आणि वेळ अशी धरली, की मुकादम गावात नसेल. नाव कुणाचंच घ्यायचं नव्हतं, तरी कोण काय बोललं हे मुकादमाच्या कानावर गेलं तर पुढच्या हंगामाची उचल अडू शकते. अंगणवाडीच्या खोलीत वीसेक जणी जमल्या. ती मावशीही होती.

मी वाचायला लागले. ‘पाहणीतील निम्म्याहून अधिक महिलांनी आपला व्यवसाय गृहिणी असा सांगितला.’ एकदम हशा पिकला. एक म्हणाली, “आमी कवा सांगितलं?” त्यावर दुसरी, “अगं, काम करता का म्हणून इचारलं हुतं. आपण म्हणलं न्हाई, घरीच असतो. आता घरीच हुतो की तवा!” नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल नवऱ्याच्या हातात पडते, हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो. मग ‘तुमचं उत्पन्न किती’ या रकान्यात बाईनं काय सांगायचं? शून्य सांगितलं, शून्य लिहिलं गेलं, आणि ते शून्य बेरीज होऊन दिल्लीला पोचलं.

पुढं कामाचे तास आले. आकडा ऐकून पुन्हा गलका. त्यांनी नुसती तोडणी सांगितली होती, कारण विचारलं होतं ‘ऊस किती वेळ तोडता’. मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहणं, रात्री-अपरात्री गाडी आली की भरायला उठणं, पहाटे कोपीवर येऊन भाकरी थापणं, हे कुठंच नव्हतं.

मी पेन काढून पानाच्या कडेला लिहीत गेले. अहवालातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळं पाहणीत सांगितलेलंच होतं, संख्याशास्त्र चोख होतं. इरावतीबाईंची अट पुरी झालेली होती. पण ज्यांच्याबद्दल होतं त्यांना वाचून दाखवल्यावर अर्ध्या तासात ते खरं राहिलं नाही. मी या गावात काहीतरी परत द्यायला म्हणून आले होते, उपकार करायच्या बेतानं म्हणा हवं तर. प्रत्यक्षात माझ्याच शास्त्राची तपासणी तिथं फुकटात चालली होती, आणि तपासणारे लोक कोणत्याही विद्यापीठातल्या परीक्षकांपेक्षा कडक होते.

मग मावशी म्हणाल्या, “यात खाड्याचं कुठंय?”

खाडा म्हणजे एक दिवस कामावर न जाणं. त्याचा दंड मुकादम उचलीतून कापतो. पाळी आली, ताप आला, पोर आजारी पडलं, दिवस बुडाला की खाडा लागतो, आणि मजुरी बुडते ती वेगळीच. ‘पिशवीच काढून टाका म्हणजे कटकट मिटली’ इथपर्यंत बाई का येते, हे समजायची किल्ली बरीचशी त्या एका शब्दात आहे. चाळीस पानांच्या प्रश्नावलीत तो शब्द नव्हता. ‘आजारपणात सुट्टी मिळते का’ असा प्रश्न होता. उत्तर होतं ‘होय’. सुट्टी मिळते की! खाडा लावून मिळते.

मी ‘खाडा’ लिहिलं, खाली रेघ ओढली. कुणाला किती लागतो असं विचारलं. एकीनं आकडा सांगितला. पलीकडची म्हणाली, आमच्या मुकादमाचा तर याच्याहून जास्त हाय. तिसरीनं तिसराच आकडा सांगितला. वर्षानुवर्षं शेजारी राहणाऱ्या, एकाच आडावर पाणी भरणाऱ्या या बायका, पण वेगवेगळ्या टोळ्यांतून वेगवेगळ्या कारखान्यांवर जाणाऱ्या. एकमेकींचा खाडा त्यांनी कधी विचारलाच नव्हता. “तुझा एवढाच? मग आमचा का येवढा?” खोलीत एकच कालवा झाला. कुणी मागच्या हंगामाचे दिवस मोजायला लागली, कुणी लेकीला वही आणायला पिटाळलं. वही आली, माझं पेनही मागून घेतलं. आठवीतली ती पोर मधोमध बसून मुकादमांची नावं आणि त्यापुढं आकडे मांडत होती, बायका तिच्या खांद्यावरून वाकून चुका काढत होत्या, आणि मला काही विचारायला कुणाला सवड नव्हती.